न झालेल्या धरणाच्या काठी

अमेरिकेच्या मध्यपश्चिम प्रांतांतून मोटारीने प्रवास करणाऱ्याच्या मनावर सपाटपणाचा जो एक ठसा उमटतो, क्षितिजापर्यंत मका, मक्यापलीकडे सोयाबीन आणि सोयाबीनपलीकडे पुन्हा मका, तो विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात शिरताच अशा रीतीने पुसला जातो की आपण तालुका ओलांडला की खंड ओलांडला, याचा क्षणभर उलगडा होऊ नये. रस्ता एकाएकी खाली उतरू लागतो. दोन्ही अंगांनी ओक आणि मेपल यांनी गच्च भरलेल्या टेकड्या जवळ येतात. तळाशी एखादा ओहळ, त्याच्या कडेने कुरणाची चिंचोळी पट्टी, एक तांबडे कोठार, आणि पुढच्या वळणावर लगेच पुन्हा चढण. या टेकड्या कोणी वर उचललेल्या नाहीत. मुळात येथे एक अखंड पठार होते, ते असंख्य ओढ्यांनी युगानुयुगे कोरले, आणि कोरून जे शिल्लक राहिले त्यालाच आपण आज टेकड्या म्हणतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला ही घडण परकी वाटत नाही.

भूगर्भशास्त्रज्ञ या मुलखाला ड्रिफ्टलेस एरिया या नावाने ओळखतात. विस्कॉन्सिनखेरीज मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय या राज्यांचे लगतचे कोपरे त्यात मोडतात, आणि मिसिसिपी त्याच्यामधून वाहते. शेवटच्या हिमयुगात, सुमारे २० ते २५ हजार वर्षांपूर्वी, उत्तरेकडून जो प्रचंड हिमस्तर खाली सरकत आला त्याने आजूबाजूचा प्रदेश घासून, दऱ्या बुजवून आणि वर दगडमातीचा थर पसरून सपाट केला. परंतु सुपीरियर आणि मिशिगन या सरोवरांच्या खोल द्रोणींनी त्याचे प्रवाह दोन बाजूंना वळवले, उत्तरेच्या उंचवट्याने त्याचा जोर रोखला, आणि मधला हा भूभाग त्याच्या तावडीतून सुटला. मी ज्या मॅडिसन शहरात राहतो त्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर ते बर्फ येऊन थांबले होते, आणि जेथे ते थांबले तेथे त्याने वाहून आणलेल्या दगडमातीचा लांबच लांब उंचवटा आजही नजरेस पडतो. त्याच्या अलीकडे तळी, दलदली आणि सपाट शेते. पलीकडच्या डोंगराळ मुलखात नैसर्गिक सरोवर जवळजवळ नाहीच, कारण जेथे पाण्याला आपली वाट शोधण्यास लक्षावधी वर्षांचा अवधी मिळाला तेथे ते कोठे अडून राहिलेले नाही. पुढच्या हकीकतीसाठी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

या मुलखात नद्या पुष्कळ. त्यांतल्या किकापूवर माझा लोभ अधिक. उत्तरेच्या टेकड्यांतून निघून वॉझेका गावाजवळ विस्कॉन्सिन नदीला मिळेपर्यंत ती सुमारे १२५ मैल वाहते, आणि उगम व संगम यांच्यामधले सरळ अंतर मोजू गेल्यास ते याच्या निम्मेसुद्धा भरत नाही. उरलेले सारे वळणांत गेले. ऑन्टेरिओ नावाच्या खेड्यातून कॅनू पाण्यात लोटली की घटकाभरात दिशांचे भान सुटते. सूर्य समोर असतो, मग उजवीकडे येतो, मग पाठीशी जातो आणि पुन्हा समोर उभा राहतो. मघाशी ज्या पाइनच्या झाडाखालून आपण गेलो तेच झाड टेकडीच्या दुसऱ्या अंगाने परत दिसू लागते. उन्हाळ्यात पाणी बहुतेक ठिकाणी गुडघाभर किंवा कमरेइतके, प्रवाह सौम्य. वाटेत एकामागून एक पूल लागतात, आणि किती आलो, किती राहिले, हे त्या पुलांच्या क्रमांकांवरूनच समजते. वरच्या रस्त्याने आमिश पंथीयांपैकी कोणाची घोडागाडी चालली असेल तर घोड्याच्या टापांचा आवाज खाली पाण्यावर बराच वेळ ऐकू येत राहतो.

ऑन्टेरिओच्या खालच्या अंगाला, ला फार्ज गावापर्यंत, नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून ८,५६९ एकरांचे एक राखीव क्षेत्र आहे. किकापू व्हॅली रिझर्व्ह हे त्याचे नाव, आणि आमचा मुक्काम बहुधा तेथेच असतो. तेथल्या मुक्कामाच्या जागा अगदी साध्या: जमिनीचा एक सपाट तुकडा, लोखंडी कड्याने बंदिस्त केलेली शेकोटीची जागा, आणि वीज किंवा नळ यांचा अभाव. काही जागांपर्यंत मोटार जात नाही. शिधा आणि पाणी आपले आपण वाहून न्यावे लागते. शुल्क भरून परवाना घ्यायचा असतो, आणि सरपणाविषयी एक कडक नियम पाळायचा असतो, तो असा की लाकूड दूरच्या गावाहून आणायचे नाही. २००२ मध्ये मिशिगनमध्ये प्रथम आढळलेली आणि २००८ मध्ये विस्कॉन्सिनात पोचलेली एक हिरवीगार कीड अ‍ॅश वृक्षाच्या सालीखाली अळीच्या रूपाने बोगदे पाडते आणि काही वर्षांत झाड उभे वाळते. ती आपल्या पंखांनी जितकी दूर जाते त्याहून किती तरी दूर हौशी प्रवाशांनी मोटारीत घातलेल्या लाकडांतून जाते. नदीकाठच्या वाळक्या अ‍ॅश वृक्षांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला या नियमाचा जाच वाटत नाही.

तंबू ठोकण्याचे काम मला मनापासून आवडते, आणि ते मी दुसऱ्या कोणावर सोपवीत नाही. नदीकाठची माती भुसभुशीत असल्याने मेख सहज शिरते आणि तितक्याच सहज निघते. म्हणून तणावे जरा लांब सोडून मेखा तिरप्या आणि खोल ठोकाव्या लागतात, आणि रात्री पावसाची सर आली तर एकदा उठून ते पुन्हा ताणून घ्यावे लागतात, कारण नायलॉनचे कापड भिजले की सैल पडते. तोवर शेकोटीवर मुगाची खिचडी शिजते, अंधार दरीच्या तळापासून वर चढत जातो, माथ्यावरच्या झाडांच्या शेंड्यांवर ऊन अद्याप असते. जूनच्या अखेरीस कुरणावर काजवे उठतात. पट्टेरी घुबडांची जोडी नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना साद घालू लागते, आणि त्यांच्या संवादात असा काही आवेग असतो की प्रथमच ऐकणाऱ्या मुलांना जवळ घेऊन बसावे लागते. मध्यरात्रीनंतर गारठा वाढतो, भर जुलैतसुद्धा. निरभ्र रात्री माथ्यावरची हवा निवते, जड होते आणि उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. पहाटे तंबूचा पडदा उघडावा तो समोर नदीही नाही आणि टेकडीही नाही, नुसते धुके, आणि त्या धुक्यात कोठे तरी पाण्याचा आवाज.

त्या वेळी कॅनू कड्याच्या अगदी अंगाशी नेऊन वल्हे आडवे धरून थांबावे. किकापूच्या वरच्या भागातले हे कडे वालुकाश्माचे आहेत. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी या जागी उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेली ती वाळू. बोट फिरवले तर कण सुटून बोटाला चिकटतात, एकेक वेगळा, गोल, काचेसारखा स्वच्छ. खडकाच्या थराथरांतून पाणी पाझरते, आणि ज्या आडव्या फटीतून ते पाझरते तिच्या रेषेवर नेच्यांची आणि शेवाळाची एक हिरवी पट्टी कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असते. वर हेमलॉक आणि पाइन, जे खरे पाहता येथून बरेच उत्तरेकडे राहणारे वृक्ष; कड्याच्या सावलीत आणि गारव्यात त्यांना हिमयुगानंतरही आसरा मिळाला. अशाच एका कपारीत मी ते फूल प्रथम पाहिले, ज्याला येथे नॉर्दर्न मंक्सहूड म्हणतात आणि जे आपल्याकडच्या बचनागाचे सख्खे भावंड आहे. निळे-जांभळे फूल, वरची पाकळी टोपरे घातल्यासारखी पुढे झुकलेली. एक केसाळ भुंगा खालून आत शिरला, देठ वाकला, पाण्याचा एक थेंब गळला, आणि भुंगा मागल्या पावली बाहेर येऊन पुढल्या फुलाकडे गेला. ही वनस्पती अखिल जगात केवळ विस्कॉन्सिन, आयोवा, ओहायो आणि न्यूयॉर्क या चार राज्यांतल्या अशा मोजक्या थंड जागांवर वाढते, आणि १९७८ पासून तिला केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे.

अशा जागी बसलेल्या माणसाने हे अस्पृष्ट अरण्य आहे असे म्हणावे, हे स्वाभाविक आहे; परंतु वस्तुस्थिती तशी नाही. आमच्या नेहमीच्या जागेच्या मागे, वाढलेल्या गवतातून शंभर पावले गेले की लायलॅकचे एक जुने झुडूप लागते. लायलॅक या देशातले मूळचे नव्हे. कोणी तरी हौसेने दाराशी लावल्याशिवाय ते रानात येत नाही. त्याच्या समोर दगडी जोत्याच्या दोन बाजू उभ्या आहेत, आत झाडोरा माजलेला, पुढे एक पायरी आणि पायरीपुढे काही नाही. थोडे खाली नारिंगी लिलींची फुले सरळ एका ओळीत उमलतात, कारण ज्या कुंपणाच्या कडेने त्या लावल्या होत्या ते कुंपण सरळ होते. जोत्याच्या एका दगडावर छिन्नीचे घाव अजून ताजे वाटावेत इतके स्पष्ट आहेत, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात चुना पुन्हा भरून केलेली डागडुजी आहे. ज्याने ती केली त्याला आपले घर पुढे दोन-तीन पिढ्या टिकावे असे वाटत असले पाहिजे.

हकीकत अशी. किकापूच्या खोऱ्याला पुरांचा शाप जुना; १९३५ मध्ये आलेल्या मोठ्या पुरानंतर खोऱ्यातल्या लोकांनी सरकारदरबारी दाद मागितली, अर्जविनंत्या केल्या, आणि पुष्कळ वर्षांच्या पाहण्या व अहवाल यांनंतर १९६२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ला फार्जच्या वर धरण बांधण्यास मंजुरी दिली. सैन्याच्या अभियंता विभागाकडे काम सोपवण्यात आले. मातीचा बांध, १०३ फूट उंच. त्यामागे सुमारे बारा मैल लांबीचे सरोवर. पूरनियंत्रणाच्या जोडीला नौकाविहार, मासेमारी आणि पर्यटकांचा पैसा. खोऱ्यात मोजणीदार आले, खुणेचे खुंट ठोकले गेले, नोटिसा निघाल्या, मोबदल्याचे आकडे कळवण्यात आले, आणि ज्यांना ते आकडे मान्य नव्हते त्यांच्या जमिनींचाही कब्जा यथावकाश कायद्याने घेण्यात आला. सुमारे दीडशे शेतकरी कुटुंबे उठली. घरे पाडली किंवा हलवली. १९७१ मध्ये बांधकाम सुरू झाले.

आणि १९७५ मध्ये ते बंद पडले. खर्चाचे अंदाज मूळच्या मानाने फार वाढले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला होता की आजूबाजूच्या शेतांतून वाहून येणाऱ्या खतमातीमुळे या सरोवरात शैवाल माजेल आणि ज्या स्वच्छ पाण्याचा बोभाटा चालला आहे ते पाणी स्वच्छ राहणार नाही. कड्यांवरच्या दुर्मीळ वनस्पतींचा प्रश्न होता. आणि पर्यावरणविषयक नव्या कायद्यांनी असे आक्षेप ऐकून घेणे सरकारला भाग पाडले होते. १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाचे प्रवर्तक, विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी पाठिंबा काढून घेतला. राज्याचे गव्हर्नर पॅट्रिक ल्यूसी यांचाही विरोध झाला. तोपर्यंत सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्ची पडले होते. पाणी सोडण्यासाठी बांधलेला काँक्रीटचा मनोरा उभा राहिला होता. बांधही बराचसा झाला होता, त्यात नदीपुरती एक खिंड तेवढी राहिली होती, आणि त्या खिंडीतून नदी पूर्वीप्रमाणे वाहत राहिली. ला फार्ज गावाच्या वाट्याला धरण आले नाही, पर्यटक आले नाहीत, आणि ज्यांच्या शेतसाऱ्यावर, बाजारहाटावर व मुलांवर तेथली शाळा आणि दुकाने चालत ते शेतकरीही राहिले नाहीत.

तो मनोरा अद्याप आहे. जुन्या १३१ क्रमांकाच्या महामार्गाचा जो भाग आता पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला आहे त्या बाजूने गेले की झाडीच्या वर त्याचे करडे डोके दिसू लागते. माझे एक स्नेही सातारा जिल्ह्यातले. त्यांच्या आजीचे गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयात गेले आणि कुटुंबाला दूर रायगडच्या बाजूला वसाहतीत जागा मिळाली, जिच्या कागदपत्रांचे काम तिसऱ्या पिढीपर्यंत चालू आहे. ते शिकागोहून आमच्याबरोबर मुक्कामाला आले असता मी त्यांना मनोऱ्यापाशी नेले आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न केला तो धरणग्रस्ताच्या घरात वाढलेला माणूसच करील असा होता. ते म्हणाले, “अहो, पण धरण झालंच नाही, तर मग जमिनी परत का नाही दिल्या?”

मी त्यांना काय उत्तर देणार? जमिनी संपादन झाल्या त्या केंद्र सरकारच्या नावावर झाल्या, आणि पंचवीस वर्षे त्या तशाच राहिल्या. शेते पडीक पडली, पडीकावर झुडपे आली, झुडपांतून रान उठले. ज्यांची ती होती ते कोणी गावातच राहिले, कोणी परगावी गेले, कोणी वारले. थोड्या वेळाने स्नेही पुन्हा बोलले, मनोऱ्याकडे न पाहता: “आमच्या आजीला निदान बोट दाखवायला पाणी होतं. इथं आमचं घर होतं, असं म्हणायची. ह्यांनी काय दाखवायचं?” त्यानंतर परत येईपर्यंत आम्ही त्या विषयावर बोललो नाही, परंतु उजनीच्या जलाशयात भीमेचे पाणी उन्हाळ्यात ओसरल्यावर पळसदेवाच्या जुन्या मंदिराचे शिखर उघडे पडते, आणि बुडालेल्या गावची माणसे ते पाहायला जातात, याची मला त्या रात्री वारंवार आठवण होत होती. तेथे पाणी उतरले म्हणजे गाव दिसते. येथे पाणी कधी चढलेच नाही, आणि तरीही गाव गेले.

या जमिनीचा मूळ मालक कोण, असा प्रश्न एकदा हाती घेतला की दस्तऐवज आणखी मागे जातात. शेतकऱ्यांच्या आधी हा सारा मुलूख हो-चंक लोकांचा होता. सरकारी कागदांत त्यांना विनेबागो म्हटलेले आढळते. १८३७ मध्ये त्यांचे एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला नेण्यात आले. जमीन देऊन टाकण्याचा अधिकार त्या शिष्टमंडळाला नव्हता, आणि ते तसे सांगत होते. तरीही सही केल्याशिवाय घरी परतता येणार नाही असा दबाव त्यांच्यावर आणला गेला, आणि स्थलांतरासाठी आठ वर्षांची मुदत आहे अशी त्यांची समजूत असताना करारनाम्यात मात्र आठ महिने लिहिलेले होते. मग आयोवा, तेथून मिनेसोटा, तेथून डाकोटा, तेथून नेब्रास्का, अशी त्यांची रवानगी होत राहिली. १८७३-७४ च्या हिवाळ्यात तर पुन्हा एकदा सैनिक पाठवून त्यांना विस्कॉन्सिनातून हलवण्यात आले. दर वेळी त्यांच्यातले काही जण परत येत. पायी येत, कुटुंबकबिल्यासह येत, आणि आपल्याच भूमीत लपूनछपून राहत. हा परत येण्याचा हट्ट इतका दीर्घ आणि इतका शांत आहे की मला त्यापुढे पराक्रमाच्या पुष्कळशा कथा फिक्या वाटतात.

म्हणून १९९६ च्या कायद्यान्वये धरणाची योजना अखेर रद्द होऊन २००० मध्ये ही जमीन केंद्राकडून सुटली तेव्हा जी वाटणी झाली तिला माझ्या मते मोठा अर्थ आहे. बहुतेक क्षेत्र विस्कॉन्सिन राज्याकडे गेले; सुमारे १,२०० एकर हो-चंक राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून केंद्राने राखले; आणि दोघांनी मिळून एका मंडळामार्फत सगळ्या क्षेत्राचा कारभार पाहावा असे ठरले. या क्षेत्रात प्राचीन वस्तीच्या शेकडो खुणा नोंदवलेल्या आहेत, त्यांत कड्यांखालची आश्रयस्थाने आहेत; त्यांच्याविषयी निर्णय घेताना ज्यांचे पूर्वज तेथे राहिले त्यांचे मत घेतले जाते. दीडशे शेतकरी कुटुंबांना मात्र या वाटणीत जागा मिळाली नाही, आणि एका जुन्या अन्यायाची अंशतः भरपाई दुसऱ्या, ताज्या अन्यायाच्या पोटातून निघाली, ही गोष्ट कोणत्याही बाजूने तपासली तरी मनाला सलत राहते.

धरण झाले नाही याचा आनंद मी मानतो. तो कड्यांकडे पाहताना मानतो आणि बचनागाच्या त्या भावंडाकडे पाहताना मानतो, कारण धरण पुरे होते तर कड्यांचा खालचा भाग पाण्याखाली गेला असता. परंतु खालच्या गावांतल्या लोकांपुढे उभे राहून हा आनंद बोलून दाखवण्याचे धैर्य मला होत नाही. १९७८ मध्ये पूर आला आणि सोल्जर्स ग्रोव्ह या गावाने आपली पेठ नदीकाठावरून उचलून उंचावर नेली, व नवी दुकाने सूर्याच्या उष्णतेवर तापवण्याचा नियम केला. २००७ आणि २००८ या लागोपाठच्या वर्षी गेज मिल्स बुडाले. ऑगस्ट २०१८ मध्ये तर नदीने पूर्वीचे उच्चांक मोडले. शेजारच्या कून क्रीकच्या खोऱ्यात याच प्रश्नाचा दुसरा मार्ग १९३३ मध्ये सुरू झाला होता. उतारावरच्या उभ्या नांगरटीने त्या खोऱ्यातली माती ओघळींवाटे वाहून चालली होती; ह्यू हॅमंड बेनेट यांच्या मृद्संधारण खात्याने देशातला पहिला पाणलोट प्रकल्प तेथे हाती घेतला, शेतकऱ्यांशी करार केले, बेकार तरुणांच्या छावण्या बसवल्या, उतारावर समपातळीचे वळणदार पट्टे आखून एका पट्ट्यात मका आणि दुसऱ्यात गवत असा क्रम लावला, आणि चढावरच्या रानातून गुरे काढली. अ‍ॅल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये या प्रयोगावर मोठ्या आस्थेने लिहिले. आज त्या टेकड्यांवरून दिसणारे हिरवे-पिवळे पट्टे त्या वेळच्या श्रमांचे आहेत. पाणी अडवायचे तर ते जेथे पडते तेथे, उतारावर, मातीच्या पोटात अडवावे, नदीच्या पात्रात भिंत घालून नव्हे, हे मला पटते. पण तरीही २०१८ च्या त्या पावसात कून क्रीक आणि वेस्ट फोर्क किकापू यांच्या खोऱ्यांतले लहान बांध पाच ठिकाणी फुटले, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. पाऊसच आता पूर्वीच्या हिशेबाने पडत नाही.

मग त्या तीरावर तंबू ठोकून आपण जे सुख भोगतो ते कोणाचे? धरणाची योजना निघालीच नसती तर आज तेथे शेते, गोठे आणि कुंपणे असती आणि आम्हांला मुक्कामास जागा नसती. योजना पुरी झाली असती तर मोटारबोटींचे सरोवर असते. अर्धवट राहिलेल्या एका अपकृत्यामधून हे रान उगवले आहे, आणि ते सुंदर आहे. हे दोन्ही खरे आहे, आणि एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. मी पुष्कळ विचार करून पाहिला; त्या रानात जाणे सोडावे असे मला वाटत नाही. लायलॅकला बहर येतो त्या आठवड्यात, मेच्या उत्तरार्धात, शक्य तर तेथे असावे, त्या पायरीवर बसावे, आणि ज्या कुटुंबाचे ते दार होते त्याची आपल्या मुलांना माहिती सांगावी, एवढे मात्र मी पाळतो.

शिकागो, मिनियापोलिस, मॅडिसन या शहरांतली मराठी कुटुंबे आता उन्हाळ्यातल्या लांब सुट्यांना किकापूवर येऊ लागली आहेत, आणि कोठे उतरावे, काय पाहावे, हे विचारण्यासाठी कोणी तरी फोन करते. मी त्यांना सांगतो की तंबू उघडण्याआधी ला फार्जच्या उत्तरेला असलेल्या अभ्यागत केंद्रात जाऊन धरणाची आणि हो-चंक लोकांची माहिती मुलांसह वाचावी, मग मनोऱ्यापर्यंत चालत जावे, आणि त्यानंतरच नदीकडे वळावे. सरपण तेथल्याच शेजारच्या शेतकऱ्याकडून विकत घ्यावे. मेखा लांब घ्याव्यात. आणि रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी काठावर उभे राहून पाण्याचा रंग पाहिल्याशिवाय कॅनू लोटू नये. वरच्या टेकड्यांवरचे पाणी उतरायला काही तास लागतात, आणि तेवढ्या अवधीत ही नदी पुष्कळ चढते.